चौकटीतली आजी

कॅमेऱ्याची चौकट कशी लावायची हे आपल्याइतकं साऱ्या सोलमध्ये कुणाला कळत नाही, असं ग्यूहोचं प्रामाणिक मत होतं. दहा वर्षं तो सिनेमांचं चित्रण करत होता. त्यामुळे नाग्यंगच्या आजीच्या सत्तरीच्या सोहळ्याची फिल्म करायचं ठरलं, तेव्हा तो नाग्यंगला म्हणाला, "फिल्म बघितली की आजी स्वतःच म्हणेल, पोरीचं लग्न याच्याशीच लावा!"

आनदोंग शहरातल्या नाग्यंगच्या घरात मालसुन आजीच्या होकाराशिवाय किमची लोणच्याचा रांजणसुद्धा कुणी उघडत नसे.

आजी रेशमी हानबोक घालून, नासपतींच्या आणि तांदळाच्या वड्यांच्या उंच राशींमागे बसली. ग्यूहोने मनातल्या मनात चौकटीचे तीन उभे भाग पाडले, आजीला डावीकडच्या रेघेवर ठेवलं आणि ती बघत होती त्या बाजूला मोकळी जागा सोडली. चित्राला श्वास घ्यायला!

पाहुण्यांना दिसावं म्हणून कॅमेरा बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला होता. तिथून नाग्यंगचे वडील तरातरा आत आले.

"आमची आई कडेला का?"

"काका, नजर जिकडे, तिकडे जागा सोडायची असते."

"कुणासाठी? घरात सगळ्यांत मोठी ती, आणि बसवलीस बसची वाट बघत असल्यासारखी!"

तोवर मोकळी जागा दिसली म्हणून नाग्यंगच्या धाकट्या आत्याने तिथे बसकण मारली. तिला उठवलं, तर थोरली बसली!

दोघींना बाहेर पिटाळून ग्यूहोने माघार घेतली. आजी मधोमध. पण नुसती मधोमध म्हणजे ओळखपत्राचा फोटो! चित्राला गहिरेपणा हवा. कॅमेरा उचलून तो शेजारच्या खोलीत गेला, तिथला दिवा मालवला आणि दारातून आजीला टिपलं. अंधारात दाराची चौकट काळीकुळकुळीत झाली. आत आजीचा उजळ चेहरा.

"आजी, अजिबात हलू नका. हसूही नका!"

नेमका त्याच वेळी बुसानहून उशिरा पोचलेला आजीचा थोरला मुलगा प्योंगचल बाहेरच्या खोलीत शिरला. समोर टीव्हीवर काळ्या चौकटीत आई! पुढे फळांची रास!

"आईगो! मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

त्याने जमिनीला कपाळ टेकलं. उठला आणि पुन्हा टेकलं. जिवंत माणसापुढे एकदाच वाकतात. दोनदा कुणापुढे, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि दोन्ही आत्यांनी गळा काढला, "आत्ता तर चांगली बोलत होती हो!"

नाग्यंगच्या वडिलांनी ग्यूहोला कॉलर धरून बाहेर ओढलं. "धडधाकट आईला फोटोत घातलंस?"

ग्यूहोच्या मनात आलं, संपलं लग्न! नाग्यंगकडे बघायचीही त्याची हिंमत होईना.

"आता हलू का मी?" आतून आवाज आला.

रडणं थांबलं. आजी काठी टेकत बाहेर आली. "मला दाखवा, काय एवढं झालं ते."

ग्यूहोने टीव्हीवर चित्रण लावलं. आजी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन ते बघू लागली.

"तीन वर्षं घसा फोडतेय, चेहरा बरा आहे तोवर माझ्या माघारी लावायचा चांगला फोटो काढून ठेवा. पण अभद्र बोलू नको म्हणून मलाच गप्प करतात!" मग ती ग्यूहोकडे वळली. "यात सुरकुत्या दिसत नाहीत. हाच मोठा करून आण."

"उद्याच आणतो, आजी!"

"एवढी कसली घाई? मी कुठे निघालेय? तुमचं लग्न उरकलं की सावकाश आण."

वडिलांनी कॉलर सोडली आणि स्वतःच्या हाताने नीट करून दिली.