हाई कोन शे?

आमच्या गल्लीतले नाना लग्नाला गेले की नवरानवरीकडे बघतच नसत. पंगतीत सगळ्यांत म्हातारा माणूस कोण, ते हेरायचं आणि त्याच्या शेजारची जागा धरायची. म्हातारा वरण-बट्टीत हात घालतो न घालतो, तोच नाना काखेतली रेक्झिनची पिशवी उघडत, एक जुना फोटो त्याच्या नाकासमोर धरत आणि विचारत, “हाऊ कोन शे?” म्हाताऱ्यानं फोटो घ्यायला हात पुढे केला की नाना तो चटकन मागे ओढत. म्हणत, आधी हात धुऊन या.

नानांची पिशवी दिसली की पाव्हणे जागा बदलत.

धुळ्यात मी त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायचो, शाळेत शिकवायचो. नाना नुकतेच तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. त्याच सुमारास त्यांचे वडील गेले आणि गावाकडून एक पत्र्याची पेटी आली. पेटीभर घरातले जुने फोटो. काही ओलीनं एकमेकांना चिकटलेले, काहींना कसर लागलेली, आणि मागे नाव म्हणून कुणाचं नाही. हे सगळे लावून, नावं घालून अल्बम करायचा, असं नानांनी ठरवलं. फोटोमागे नाव न लिहिणारा माणूस निर्दय शे, असं ते म्हणत. नोकरीच्या अर्जासाठी काढलेले माझे पासपोर्ट फोटो एकदा त्यांच्या हाती लागले, तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं माझं नाव, वडिलांचं नाव आणि ‘केस कापल्यानंतर’ असं लिहून मोकळे झाले. मुलाखतीला साहेबानं ते मोठ्यानं वाचलं.

घरातली खाट फोटोंनी भरलेली असे. काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, “मरेल मानसेस्ले खाट, अन् माले चटई.” नानांना ते ऐकूच जात नसे.

काम मात्र पुढे सरकत नव्हतं. फोटोतल्या एकाच फेटेवाल्याला एक जण चुलत आजोबा म्हणे, दुसरा गावचा पोलीस पाटील. पारोळ्याला एका बारशात दोन म्हातारे त्या फेट्यावरून इतके भांडले की दोघंही न जेवता उठून गेले. ज्याला नक्की माहीत असावं असा कुणी सापडला, तर नाना पोचेपर्यंत त्याच्या दारात माणसं जमलेली असत. मग नाना पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसत आणि तशीच परत आणत. गावाकडून कुणी गेल्याचा निरोप आला की ते हताश होऊन खाटेकडे बघत. “सर, त्याच्यासोबत माझे बरेच फोटो गेले,” असं मला सांगत.

हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. पिशवीतून कितीही फोटो निघोत, शेवटी एक ठरलेला निघायचाच. कुठल्याशा लग्नातला होता तो. सतरंजीवर डोक्यावर पदर घेतलेल्या पाच-सहा तरुण बायका बसलेल्या. तो दाखवताना नानांचा आवाज खाली यायचा, आणि उत्तर मिळालं नाही की ते जेवायचे थांबायचे.

मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. नाना रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्या आईनं नानांना पोटच्यासारखं वाढवलं, म्हणून पहिलीचं नाव घरात कुणी काढलं नाही. नानांनीही कधी विचारलं नाही. “तिला वाईट वाटलं असतं ना,” ते म्हणाले. आता तीही गेली होती, वडीलही गेले होते. आपली आई ह्या फोटोत आहे एवढं नानांनी लहानपणी कुणाच्या तरी बोलण्यात ऐकलं होतं. ह्यांतली कोणती, ते माहीत नव्हतं.

एक अक्का तेवढी उरली होती. नानांच्या वडिलांची चुलत बहीण, सावद्याला दिलेली. इतकी वर्षं ती मुलाकडे सुरतेला होती, आता सावद्याला परत आली होती. एका रविवारी आम्ही दोघं निघालो. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जळगाव सोडल्यावर केळीच्या बागा लागल्या, तरी मांडीवरची पिशवी त्यांनी हातातून सोडली नाही.

अक्का खाटेवर बसून होती. तिनं फोटो चष्म्याजवळ नेला, पार डोळ्याला लावला आणि मधल्या एका बाईवर बोट ठेवलं. “हाई तुनी माय.”

नाना बघत राहिले. कशी होती, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, बैलाला फार भ्यायची. वाटेत बैल बांधलेला दिसला की शेताला वळसा घालून जायची, आणि उशिरा पोचली म्हणून बोलणी खायची. नाना हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चहा आला. अक्काच्या सुनेलाही फोटो बघायचा होता. ह्यांतली नानांची आई कोणती, असं तिनं विचारलं. अक्कानं पुन्हा बोट ठेवलं. ह्या वेळी कडेच्या बाईवर.

“अक्का, मघाशी ही दाखवली होतीस,” नाना हळूच म्हणाले.

अक्कानं पुन्हा फोटो डोळ्याला लावला. खूप वेळ बघितलं. मग हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, “आते ध्यानमा नही ऱ्हास रे भाऊ.”

विचारायला आता आणखी कुणी नव्हतं. नानांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, सुनेनं दिलेली केळी खाल्ली, पाया पडले आणि उठले.

जळगावच्या स्टँडवर आम्ही धुळ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. नानांनी फोटो काढला. दोन्ही हातांनी धरून ते बराच वेळ मधलीवरून कडेचीवर नजर नेत होते.

“दोन्ही चांगल्या दिसतात, सर,” ते म्हणाले. “दोन्हीमाईन एक तर शेच ना.”

गाडी लागली. मी हाक मारली, पण त्यांना ती ऐकू गेली नाही.