मन लागण्याची फेरपरीक्षा

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मला सोडून तेवीस माणसं. तेवीसही घरून काम करतात. सकाळच्या ऑनलाइन बैठकीत चालू कॅमेरे दोन, त्यातला एक छताकडे. बोलणारी माणसं तीन. मागे शिट्ट्या देणारे कुकर पाच. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, म्हणून कुलसचिवांना छाती ठोकून सांगितलं, "कर्मचाऱ्यांचं कामात मन किती लागतं, ते आठवड्यात दोन दशांश स्थळांपर्यंत काढून देते!"

त्यांनी अट घातली. सरासरी पाचपैकी चार आली तर घरून काम चालू. किंचितही कमी आली तर सोमवारपासून सगळे यशवंतपूरच्या ऑफिसात.

आमच्या विभागातल्या, बनशंकरीला राहणाऱ्या प्रतिमाअक्कांनी लगेच मला फोन लावला. त्यांच्या सासूबाई अंथरुणावर, दर दोन तासांनी औषध.

"अनुषा, पेपर सोपा काढ गं," त्या म्हणाल्या.

मी समजावलं की हा पेपर नाही, पाहणी आहे. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे, नाव लिहायचं नाही.

पण जन्मभर परीक्षा घेतलेली माणसं ती. आमचे अधीक्षक दामोदरअण्णा यांनी तासाभरात तेवीस जणांची बैठक बोलावली. चालू कॅमेरे तेवीस! नमुना उत्तरपत्रिका ठरली. 'सोमवारी सकाळी कामाला बसताना आनंद होतो' या सातव्या प्रश्नावर पाऊण तास वाद झाला; तो अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असं बहुमताने ठरलं. सगळीकडे पाच दिले तर संशय येईल म्हणून दोन ठिकाणी एकेक गुण कापला. हे मला कसं कळलं? अण्णांनी बैठकीचं इतिवृत्त नियमाप्रमाणे मलाही पाठवलं.

पाहणीची सरासरी ४.८० आली. तेवीस जणांच्या उत्तरांत फरक शून्य. शिवाय निकाल राखून ठेवला जाऊ नये म्हणून प्रत्येकाने वर कर्मचारी क्रमांक घातलेला.

कुलसचिव याच विभागातून वर गेलेले. त्यांनी एकदाच कागद पाहिला. "सामूहिक कॉपी. फेरपरीक्षा घ्या. ऑफिसात, समोर बसवून."

शुक्रवारी तेवीस जण आले. एकाआड एक बाक, मोबाइल बाहेर, पर्यवेक्षक मी. सर्जापूर रोडवरून निघालेले उमाकांत अडीच तास ट्रॅफिकमध्ये शिजून आले होते. सातव्या प्रश्नावर त्यांनी पेन असं दाबलं की कागद फाटला. शेजारणीला सासूबाईंपाशी दुपारी एकपर्यंतच बसता येणार होतं, म्हणून प्रतिमाअक्कांनी सगळ्यात आधी पेपर दिला. पण निकाल लागेपर्यंत त्यांचा पाय निघेना.

मी बेरीज तीनदा केली. ९२० हवे होते, भरले ९१५. सरासरी ३.९८.

अक्का पर्स खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. अण्णांनी चष्मा चढवला.

"किती कमी पडले?"

"पाच."

"एवढंच? पाचपर्यंत ग्रेस नियमात बसतं की."

मी म्हटलं, अण्णा, ते विद्यार्थ्यांना. हे शास्त्रीय मापन आहे, मापनाला ग्रेस देता येत नाही. असं जगात कुठेही करत नाहीत.

"सरी, ठीक आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "मग अक्कांना तूच सांग."

मी दाराकडे पाहिलं.

कुलसचिवांनी सही करून मंजूर केलेला निकाल असा: मूळ गुण ९१५. ग्रेस ५. एकूण ९२०. सरासरी ४.००.