टर्बोचा वकील

तीर्थपुरीच्या सुखदेव मिस्त्रींच्या गॅरेजात ‘टर्बो गेला’ असं म्हणायला बंदी होती. कुणी चुकून म्हटलंच, तर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून विचारत, “तुम्ही पाह्यला का जाताना?”

माझं अंबडला बी-बियाण्याचं दुकान आहे. कंप्युटरवाल्या डिझेल जीपा आपल्याकडे नुकत्याच आल्या होत्या, तेव्हा एक मीही घेतली. वर्षभरात तिनं दम सोडला. मागे पोती भरली की साधा चढ दुसऱ्या गिअरात. एका गॅरेजवाल्यानं टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदला म्हणून सांगितलं. मी तीर्थपुरीला गेलो आणि पहिल्याच वाक्यात बंदी मोडली.

“त्या गरिबावर काहून आळ घेता शेठ?” मिस्त्री म्हणाले. त्यांनी एअर फिल्टरच्या पुढच्या नळीतून बोटभर सेन्सर काढला. “हवा किती आली ते हा सांगतो. हा कमी बोलला की कंप्युटर डिझेल कमी सोडतो. डिझेल कमी तर धूर कमी. मंग टर्बो फिरंल कशाच्या जोरावर? चुगली ह्याची अन् बदनाम तो!”

मग त्यांनी सेन्सर उजेडात धरला. “हे कुणी पुसलं?”

“मीच. रुमालानं.”

पुढचा पाव तास मिस्त्री माझ्यावर तुटून पडले होते. आतली तार केसाहून बारीक, तिला फक्त स्प्रे मारायचा, बोट बिलकुल लावायचं न्हाई, आणि बियाणं विकणारानं बियाणं विकावं. गॅरेजात सहा माणसं बसलेली, सगळी मजेत ऐकत होती. गाडी तासाभरात पहिल्यासारखी पळायला लागली, याचाही मला थोडा रागच आला.

मिस्त्रींना वेळकाळ नव्हता. एकदा एका लग्नात नवरदेवाची जीप झेंडूच्या माळांनी मढवून आली. मिस्त्रींनी वरात थांबवली, बॉनेट उघडलं आणि हवेच्या तोंडाशी अडकलेल्या पाकळ्या वेचायला बसले. वाजंत्री थांबली. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानाचं काहीतरी बिनसलं. नवरदेवाचा मामा समजूत घालायला आला, तर मिस्त्री म्हणाले, “नवरदेवाला जल्दी असंल तर पायी जाऊ द्या. तार तुटली तर नवरीसुद्धा ढकलीत न्यावी लागंल.”

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. घरामागे त्यांची स्वतःची जीप बॉनेट उघडून उभी, मिस्त्री पाठमोरे वाकून स्प्रे मारत होते. हातात सेन्सर, आणि सेन्सर कुंकवानं लालभडक. मला आनंद लपवता येईना.

“मिस्त्री, हे कुणाचं बोट?”

ते दचकले. मला बाजूला ओढून हळूच म्हणाले, “हिचं.”

त्यांच्या बायकोची, सरजाबाईंची, दृष्टी तीन वर्षांपूर्वी पुरती गेली होती. खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची, गाडीची पूजा त्याच करायच्या. दिसत होतं तोवर बॉनेटवर कुंकू लावायच्या.

“दिसायचं बंद झालं तव्हा म्हणली, दिवसभर ज्याच्यापायी लोकांशी भांडता, ते मला एकदा हाताला लावा. मी सेन्सर काढून तिच्या हातात दिला. लई वेळ चाचपत बसली. मंग खांडेनवमीला म्हणली, त्यालाच कुंकू लावते. मी तिचं बोट बॅटरीवर ठिवलं. लगेच वळखलं तिनं. म्हणली, आंधळी झाले म्हणून फसवून राह्यले का? दोन दिवस बोलली न्हाई शेठ.” मिस्त्रींनी सेन्सर पुन्हा उजेडात धरला. “आता दरसाली मीच तिचं बोट धरून लावून देतो. दुसऱ्या दिवशी काढतो. तिला म्हणतो, कुंकवानं गाडी जोरात पळायली.”

तेवढ्यात सरजाबाई भिंत धरत दारात आल्या. “कोण, अंबडचे शेठ का? ह्यांची गाडी कशी चालून राह्यली हो?”

गॅरेजातली ती सहा माणसं मला आठवली. सूड घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. उभ्या जन्मात कुणाला दबून न राहिलेला माणूस, पण त्या घटकेला त्यांचा चेहरा मला पाहवेना. मला फार वाईट वाटलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “झकास चालली आहे. माझ्याही गाडीला लावता का?”

मिस्त्रींनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सरजाबाईंनी लगबगीनं कुंकवाचा करंडा आणला. मिस्त्रींनी माझ्या जीपचं बॉनेट उघडलं, सेन्सर बाहेर काढला, बायकोचं बोट पाण्यात बुडवून कुंकवात टेकवलं आणि बरोबर त्या तारेवर नेलं.

“लागलं का बराबर?” त्यांनी विचारलं.

“बराबर लागलं,” मी म्हणालो.

अंबडपर्यंत गाडीनं दम धरला नाही. मिस्त्रींनी निघताना कानात सांगितलं होतं, उद्या या, साफ करून देतो. मी आठवडाभर गेलो नाही.