तीन मजल्यांची साहसी सहल

साहसी सहल म्हणजे काय, हे कॅप्टनला विचारावं! सहलींच्या कचेरीत सगळे त्याला याच नावाने हाक मारत, आणि तिथेच बसून त्याने कित्येकांना डोंगरावर चढवलं होतं, नदीच्या फेसाळत्या पाण्यात उतरवलं होतं. स्वतः मात्र खुर्ची सोडून कुठे गेला नव्हता, कारण गाडी वळणावर गेली की त्याच्या पोटात ढवळायचं. तरीही व्याख्या त्याला तोंडपाठ. दोर लागतो, वाटाड्या लागतो आणि "आपल्याला जमेल का" अशी धाकधूक लागते. एवढं नसेल तर ती नुसती हवापालट!

घरी बायको पाय मोडून बसली होती. म्हणजे मोडलेला पाय केव्हाच जुळला होता, प्लास्टरही निघालं होतं. डॉक्टर म्हणत होते चाला, पण तिसऱ्या मजल्याचा जिना दिसला की ती दारातूनच मागे फिरायची. इमारतीला लिफ्ट नव्हती. कितीतरी दिवसांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, आणि हळूहळू हसणंही विसरत चालली होती. कॅप्टनला ते बघवेना.

म्हणून रविवारी त्याने मोहीम जाहीर केली. घरापासून खालच्या दारातल्या बाकापर्यंत! पाठीवर पिशवी, गळ्यात शिट्टी, आणि कचेरीतून आणलेला दोर. गिर्यारोहक एकमेकांना बांधून घेतात तसा त्याने दोराचा एक फास तिच्या कमरेला आवळला आणि दुसरा आपल्या. गाठ कचेरीच्या भिंतीवरच्या चित्रात बघून शिकलेली.

"अहो, लोक काय म्हणतील?" बायको काठी सावरत म्हणाली.

"तू पडलीस तर मी आहे ना," कॅप्टन छाती फुगवून म्हणाला आणि वाटाड्या म्हणून पुढे झाला.

पहिला जिना छान उतरला. तिला धीर द्यायला तो वारंवार मागे वळून बघत होता. पुढची पायरी मात्र त्याने बघितलीच नाही! दुसऱ्या मजल्यावर त्याचा पाय सटकला आणि ऐसपैस देह खाली निघाला. दोर ताणला. बायकोने काठी टाकली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पाय रोवून उभी राहिली. दोर कमरेत रुतला, पण ती जागची हलली नाही. कॅप्टन अर्धा पायरीवर, अर्धा हवेत, असा अडकून राहिला.

घोटा चांगलाच मुरगळला होता. तिला एकटीला मदत आणायला जाता येईना, कारण चित्रातली गाठ काही केल्या सुटेना! शेवटी तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. तो कण्हत होता, ती दटावत होती, आणि एकेक पायरी करत दोघं तळमजल्यावर पोचली. तिथल्या शिंप्याने एक प्रश्न न विचारता कात्री आणली आणि दोर कापला. मग त्याने तिला विचारलं, वहिनी, तुमची काठी कुठे राहिली?

तिने आपल्या पायांकडे बघितलं. मग जिन्याकडे. काठी दुसऱ्या मजल्यावरच पडली होती. ती बाकावर बसली आणि आधी रडली, मग हसू लागली, आणि थांबेचना. कॅप्टनला घोट्याचं दुखणं आठवेना. तिचं ते हसू ऐकून त्याचेच डोळे भरले.

"देवाची कृपा, मी पडलो," तो म्हणाला.

"आणि माझी कृपा, थांबलात," ती म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरांनी घोट्याला पट्टी बांधता बांधता हे कसं झालं ते विचारलं. कॅप्टन जरा ताठ बसला. "साहसी सहलीत," तो म्हणाला.

"अरे वा! कुठल्या डोंगरावर?"

तो उत्तर जुळवत होता, तेवढ्यात बायको म्हणाली, "जिन्यात. आणि डॉक्टर, यांना जरा नीट तपासा, पुढच्या रविवारी मला बाजारात जायचंय. मी यांना घरी एकटं कशी ठेवू?"