गोमाजींची करंगळी

अठराशे चौसष्ट साल होतं, मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि गोमाजी काकांच्या हाती न सापडता मोर्णा नदीवर अंघोळीला जाईल असा एक पोट्टा अकोल्याच्या जुन्या शहरात उरला नव्हता. हाती म्हणजे खरोखर हाती. हा माणूस रस्त्यात आडवा यायचा, तुमचा हात पकडायचा, त्यावर आपलं उपरणं टाकायचा आणि आतून बोटं दाबून विचारायचा, "बोल लेका, काय भाव?"

तेव्हा कापसाचा सौदा तोंडानं होत नसे. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालत. एकानं दुसऱ्याची जितकी बोटं धरली, तितके शेकडे रुपये. भोवती सारा बाजार उभा असला तरी भाव त्या दोघांनाच कळे. आणि एकदा हात सुटला की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नसे.

अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्याशिवाय कापूस मिळेना, तेव्हाचे हे दिवस. ज्यांच्या घरात धड लोटा नव्हता, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदी चढली होती. खेड्यातली पोरं गाड्या भरून यायची आणि दलाल त्यांना सोलून काढायचे. ते पाहून गोमाजींनी ठरवलं की जवान पोरांना हातावरचा भाव फुकट शिकवायचा. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. तुम्ही स्वतः किती कापूस विकला, असं म्हटलं की त्यांना खोकला यायचा.

रोज सकाळी घाटाच्या पायरीवर शाळा; आम्ही त्यांच्या उजव्या हाताची बोटं धरून भाव सांगायचा. सुपारीचं खांडसुद्धा घेत नसत. पण एक दिवस बुडवला की दारात येऊन आईसमोर ओरडायचे, "तुमचा पोट्टा जिता हाय का मेला, पाहाले आलो!" वांगी घेतानाही उपरणं टाकायचे. माळीण किंचाळायची, "हात सोडा हो काका, लोकं पाहून राहिले!" हात सोडायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. धडा संपला तरी म्हणायचे, "अजून एक डाव." आमचे तळवे घामानं चिंब.

त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. ती एके दिवशी वाघानं नेलेली असायची, दुसऱ्या दिवशी पेंढाऱ्यानं. मी एकदा म्हणालो, "काका, काल त वाघ होता."

"पेंढाऱ्याच्या मांगं वाघ होता. तू मधात बोलू नको!"

पहिला सौदा करून आलेला पोट्टा मात्र पुन्हा घाटावर दिसत नसे. "शिकून गेला," काका छाती काढून सांगायचे.

दिवाळीनंतर माझी पाळी आली. बाप म्हणाला, "पाचशेच्या खाली उतरू नको. जमलं त येथून पुढं सारा कापूस तुह्या हातानं. नाही जमलं त जनमभर औत हाक."

घेणाऱ्यानं उपरणं टाकलं. मी त्याचा हात धरून पाचाचा भाव दिला. तो लगेच म्हणाला, "मंजूर!" आणि हात सुटला. मी बापाकडे असं पाहिलं, जसा काही किल्लाच जिंकला.

वजनकाट्यावर पैसे मोजताना कळलं, सौदा चारशेचा झाला होता. मी भांडायला उठलो. घेणारा पोट धरून हसला. "गोमाजीचा चेला काय बे तू? त्याची सारी पोरं अशीच. पाचाले चारच बोटं धरतात, करंगळी सोडून देतात!"

बाजार हसला. काकांच्या हातावर पाच म्हणजे होती नव्हती तेवढी सगळी बोटं, आणि ती चारच होती. तीच सवय आमच्या मुठीला लागली होती. दलालांपासून वाचवायला निघालेल्या माणसानं आम्हाला बांधून त्यांच्या हवाली केलं होतं. बापानं बैलांचा कासरा माझ्या हातात दिला.

मी तडक घाटावर गेलो आणि साऱ्या पोरांसमोर काकांना सुनावलं, "तुमच्या करंगळीनं बुडवलं आमाले!" काय झालं ते सगळं सांगितलं. एकेक पोट्टा कपडे झटकून उठून गेला.

काका आपला हात उलटासुलटा पाहत राहिले. "बाजारात साऱ्यांले ठाऊक होतं?"

"साऱ्यांले."

"मंग मले कावून नाही सांगितलं कोनी?"

उत्तर मला माहीत होतं. घेणाऱ्यांचा त्यात नफा होता, आणि बुडालेल्या पोरांना लाज. त्यांनी माझा हात घेतला, वर उपरणं टाकलं आणि माझी पाचही बोटं धरली. करंगळी दोनदा चाचपली. "असा असते पाच," ते म्हणाले. मग नदीकडे पाहत विचारलं, "उद्या येशीन?"

"कायले येऊ? मले आता औत हाकाचं हाय."

"हो. खरं हाय," काका म्हणाले, पण हात काही सोडेनात. सुटला असता तर माझ्या नकाराचा सौदा पक्का झाला असता. घरी त्यांची वाट पाहणारं माणूस नव्हतं, हे साऱ्या जुन्या शहराला माहीत होतं. मी मात्र त्या दिवसापर्यंत मनावर घेतलं नव्हतं. शेवटी हात मीच ओढून घेतला, पण 'येणार नाही' असं न म्हणता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल गोठ्यातच ठेवले, बापाच्या शिव्या पाठीवर घेत घाटावर गेलो आणि काकांच्या उजव्या बाजूला मांडी घातली. दुरून दोन पोट्टे पाहत होते. त्यांना ओरडून सांगितलं, "इकडं या बे! एक ते चार काकाच्या हातावर शिका. पाच माह्या."