रानकोंबडीकडे सुरक्षा आली

मुलांनो, एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, पत्ता कळला की तिथे लगेच एखादे कार्यालय उघडते) भागीरथी नावाची एक रानकोंबडी राहत असे. करवंदीच्या जाळीखाली तिचे घरटे होते. घरट्यात पाच अंडी होती. जाळीपलीकडच्या बिळात एक घोरपड राहत असे. घोरपडीला अंडी फार आवडत.

शेजारच्या माळावर टिटवीकाकू असायच्या. घोरपडीने बिळातून नाक बाहेर काढले रे काढले, की काकू असा गिल्ला करीत की कावळे धावत, साळुंक्या धावत, आणि घोरपड आल्या पावली परत जाई. या कामाचे काकू काही घेत नसत. म्हणून त्याला कोणी सेवा म्हणत नसे.

पुढे जंगलात टेलिफोन आला. झाडाझाडांवरून तारा गेल्या. टेलिफोनच्या मागोमाग, खांद्याला पिशवी अडकवून, एक माकड आले.

"वहिनी, तुमच्याकडे राखणीला कोण?"

"आमच्या टिटवीकाकू आहेत की."

माकड खिन्नपणे हसले. "त्या ओरडतात, हे खरं. पण त्याची नोंद कुठे होते?"

भागीरथीने या बाजूने कधी विचारच केला नव्हता. आजवर वाचलेल्या एकाही अंड्याची कुठे नोंद नाही, हे ध्यानात येताच तिला दरदरून घाम फुटला. कोंबड्यांना घाम येत नाही. तरी फुटला.

दुपारपर्यंत माकडाने टेलिफोनच्या तारेला एक पेटी जोडून दिली. घरट्याभोवती जमिनीलगत एक बारीक तार ताणली. तिला कोणाचा पाय लागला की पेटी आपणहून टेकडीवरच्या नियंत्रण कक्षाला फोन करणार. कक्षातले बगळेसाहेब उलट फोन करून खातरजमा करणार. मग शिपाई निघणार.

"एक परवलीचा शब्द ठरवा," माकड म्हणाले. "तार चुकून हलली असेल तर तो सांगायचा. म्हणजे शिपायांना हेलपाटा नको."

पळसाला पाने तीन, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून भागीरथीने हुशारीने ठरवले: पळसाला पाने चार. आणि विसरायला नको म्हणून चोचीने ते पेटीवरच कोरून ठेवले.

मग ती माळावर गेली. "काकू, आता तुम्ही आराम करा. तुमच्या आवाजात मला फोन ऐकू यायचा नाही."

"बरं हो," काकू म्हणाल्या. "तारवाली झालीस तू आता. आम्ही आपले बिनतारी."

चौथ्या दिवशी, भर दुपारी, घोरपड आली. तिचा पाय तारेला लागला. पेटीत खडखड झाली आणि टेकडीला फोन गेला. "लागला! लागला!" म्हणत भागीरथी आनंदाने नाचली. घोरपड बावचळून जागीच उभी राहिली. तेवढ्यात उलट फोन आला. घोरपड जवळ होती, तिनेच उचलला.

"नियंत्रण कक्ष. कोण बोलतंय?"

"घोरपड."

"मालकीण आपणच का?"

"छे हो, मी चोरी करायला आलेय."

"चोरांशी बोलण्याची तरतूद नाही. मालकिणीला द्या."

घोरपडीने फोन भागीरथीपुढे सरकवला आणि पहिले अंडे उचलले.

"साहेब, घोरपड आलीये! अंडं खातेय!"

"आपण मालकीण कशावरून? परवलीचा शब्द सांगा."

"तो सांगितला तर शिपाई येत नाहीत ना?"

"नाही येत. तो सांगितला म्हणजे सर्व क्षेम."

"आणि नाही सांगितला तर?"

"तर आपण मालकीण नाही. कोणा परक्याच्या सांगण्यावरून शिपाई कसे धाडू?"

दुसरे अंडे गेले.

माळावरून टिटवीकाकूंनी हे पाहिले. जुन्या सवयीने त्यांचे तोंड उघडले. "टिटिव..."

"काकू, गप्प बसा हो!" फोनवर पंख ठेवून भागीरथी खेकसली. "साहेब लाइनवर आहेत!"

काकू गप्प बसल्या. तिसरे अंडे गेले.

आधी मालकीण तर ठरू, अंड्यांचे मग बघू, असा भागीरथीने विचार केला. पण ऐनवेळी शब्दच आठवेना. "पळसाला... पळसाला पाने..."

"चार," घोरपड भरल्या तोंडाने म्हणाली. "पेटीवर लिहिलंय ना, ताई."

"चार! साहेब, चार!"

"बरोबर," बगळेसाहेब म्हणाले. "सर्व क्षेम. नोंद केली." त्यांनी फोन ठेवला.

चौथे अंडे कधी गेले ते कोणी पाहिले नाही. पाचवे मात्र घोरपडीने खाल्ले नाही. ते पोटाशी धरून ती जरा घुटमळली.

"ताई, त्या माकडाचा पत्ता द्याल? घरात आता अंडं असणार. उघड्यावर ठेवायला भीती वाटते."

भागीरथीने पत्ता दिला. शेजारधर्म होता.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरून शिक्क्यासह दाखला आला: 'सदर घरट्यात पेटी बसवल्यापासून एकही चोरी झालेली नाही.' भागीरथीने तो दोनदा वाचला. मग रिकाम्या घरट्यात नीट पसरला आणि त्यावर बसली. अजून उबवते आहे.

तात्पर्य: शेजारणीच्या ओरडण्याने नुसती अंडी वाचतात, मुलांनो. दाखला मिळत नाही.