दौलतरावांची बुचं

मालेगावच्या डाकबंगल्यात साहेब उतरला, की दौलतराव खानसामा आधी त्याच्या बाटलीकडे बघत आणि मग साहेबाकडे. बाटलीला बूच असलं तर साहेब खानदानी. पत्र्याचं झाकण असलं तर त्याला जेवण मिळे, आंघोळीला ऊन पाणी मिळे, पण दौलतरावांच्या लेखी तो माणूस संपलेला असे. "पत्र्यावाला हाय," असं ते मला हळू आवाजात सांगत, जसं काही त्याच्या घराण्यातलं एखादं व्यंगच त्यांना कळलं होतं.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमच्याकडे दारूबंदी होती, पण परवानेवाले साहेब दौऱ्यावर येत आणि रिकाम्या बाटल्या टाकून जात. बाटल्या भंगारात जात. बुचं मात्र दौलतरावांच्या धोतराच्या सोग्यात बांधून घरी येत. गळ्यात तुळशीची माळ घातलेला हा माणूस दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता. कुणी नाक मुरडलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "झाडाची साल हाय बापू, दारू नाही."

मी तिथे शाळामास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. दुपारी बंगला रिकामा असला, की दौलतराव ओसरीवर बसून बुचं वाफेवर मऊ करत, चाकूने कापत आणि सरसाने चिकटवत. गावातलं एकही लग्न किंवा बारसं त्यांच्या बुचाच्या भेटीवाचून पार पडत नसे. बोलावणं असलंच पाहिजे, असंही काही नव्हतं.

मला त्यांनी कागदांवर ठेवायला एक कासव दिलं. पहिल्याच वाऱ्यात वर्गातले कागद उडाले आणि कासव त्यांच्याही पुढे निघून गेलं. मी तसं सांगितल्यावर त्यांनी कासवाच्या पोटात खडा बसवला. कासव उताणं पडायला लागलं. मग खडा मागे, मग पुढे, असं चार दिवस चाललं. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांसाठी त्यांनी झुली घातलेले बैल केले, तर वाऱ्याने तोरणाखालचे सगळे बैल आरती व्हायच्या आत शेजारच्या आळीत नेले. पाटलांच्या म्हाताऱ्या आईला त्यांनी पातेलं ठेवायची आडणी दिली. आडणीवर गरम वरणाचं पातेलं टेकलं आणि बुचातला जुना वास जागा झाला. म्हातारीने स्वयंपाकघर दोनदा सारवून घेतलं. दौलतरावांनी दुसरी आडणी कडुलिंबाच्या पाण्यात उकळून दिली. तीही म्हातारीने गोठ्यात ठेवली.

या सगळ्यात त्यांची बायको, सुभद्राबाई, कुठे दिसत नसे. तीन वर्षांपूर्वी लकव्याने तिचं उजवं अंग गेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग कुणीतरी अर्ज केला, की खानसाम्याच्या घरात चोरटी दारू आहे. एका सकाळी दारूबंदीचा जमादार झडतीला आला आणि पंच म्हणून मला बोलावलं. ओसरीवरची लोखंडी पेटी उघडली, तर ती काठोकाठ बुचांनी भरलेली. एवढी बुचं आहेत तर बाटल्या कुठे, असं जमादाराने विचारलं. दौलतरावांनी झाडाच्या सालीचं सांगितलं. जमादाराला ते पटलं नाही. नोकरी जाणार, हे दौलतरावांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते घाबरले वेगळ्याच गोष्टीला. जमादार आतल्या खोलीकडे वळला, तसे ते दारात आडवे उभे राहिले.

"आतमंधी नका जाऊ साहेब. बिना वेणी-फणीचं तिले कोणी पाह्यलं नाही."

आतून बाईचा आवाज आला. "येऊ द्या त्याइले. घडीभर थांबा म्हना."

दार अर्धं उघडं होतं. सुभद्राबाई भिंतीला टेकून खाटेवर बसली होती. तिच्या उशाशी एक चमचा होता, त्याला बुचाची जाड मूठ. पितळी पेल्याला बुचाचं वेष्टन. काठीला, पंख्याला, सगळ्याला तशाच मुठी. तिची बोटं पुरती मिटत नव्हती, बारीक वस्तू त्यांत टिकत नव्हती. गावभर वाटलेल्या कासवांच्या आणि बैलांच्या आड या माणसाचं खरं काम हे होतं.

तिने फणी उचलली. फणीची मूठ कणसाएवढी जाड होती. दौलतराव सवयीने पुढे झाले. तीन वर्षं तिची वेणी तेच घालत होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज मी करतो."

ते थांबले, पण हाताची ओंजळ फणीखाली धरून. फणी एकदा निसटली. त्यांनी ती झेलून परत तिच्या हातात दिली. जमादार वही मिटून गल्लीकडे बघत उभा राहिला. बराच वेळ गेला. भांग कपाळापासून निघाला आणि मध्येच कानाकडे वळला.

"कसा निघाला?" तिने विचारलं.

"सरळ," दौलतराव म्हणाले.

तिने पदर घेतला आणि जमादाराला आत यायला सांगितलं. तो आला, खाटेखाली वाकून बघितल्यासारखं केलं आणि ओसरीवर येऊन पंचनामा लिहिला. दारू आढळली नाही. मी सही केली. तो गेला.

प्रकरण मिटल्याचं सांगायला मी आत डोकावलो. दौलतरावांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते फणीतले केस काढत होते, आणि उद्यापासून वेणीही आपली आपणच घालून पाहू, असं सुभद्राबाई त्यांना सांगत होती. त्यांचे हात थांबले.

"मंग मले काय काम राह्यलं?" ते म्हणाले.

"चहा ठेवा," ती म्हणाली. "मास्तर कवाचे उभे हायेत."